तिसऱ्या हाकेला उत्तर आल्यास

मॅन्युअल लिहिणाऱ्याला कुणी पत्र पाठवत नाही. यंत्र बिघडलं की लोक यंत्राला शिव्या देतात, दुरुस्तीवाल्याला देतात, विकणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करतात. पुस्तक लिहिणाऱ्याला शिवी द्यायचं मात्र कुणाच्या डोक्यात येत नाही, कारण त्यासाठी आधी पुस्तक वाचावं लागतं. म्हणून बावीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदाच 'पुस्तक लिहिणाऱ्यास' असं वर लिहिलेलं पाकीट टेबलावर बघून पुस्तकबाईंना आनंदच झाला. आत रेघांच्या वहीचं एक पान होतं, अक्षर वळणदार.

"भट्टीच्या पुस्तकात पान एकतीसवर नववी पायरी आहे. ती आम्ही सहा वर्षं रोज न चुकता करतो. पण तिसऱ्या हाकेला उत्तर आलं तर काय करायचं, ते दिलेलं नाही. कृपया कळवावे." खाली सही नव्हती, नुसतं "मिस्त्री, भट्टी विभाग" असं होतं.

बाईंनी ते दोनदा वाचलं आणि पाकिटासकट ड्रॉवरमध्ये कोंबलं.

ते का कोंबलं, हे कळायला आधी बाईंचं काम कळायला हवं. त्यांची कंपनी भट्ट्या बनवायची. रंगवलेले लोखंडी पत्रे हुकांना टांगून ट्रॉलीवरून आत ढकलायचे, दार लावायचं आणि रंग भाजून पक्का करायचा, अशी ती भट्टी. आकार चांगल्या मोठ्या खोलीएवढा. ती कशी चालवायची, बंद कशी करायची, काय केलं तर हात भाजेल, हे सगळं पायरी-पायरीनं लिहायचं काम बाईंचं. इंजिनीअर लोक त्यांना पुस्तकबाई म्हणत आणि त्यांच्याकडे बघितलं की घड्याळाकडे बघत. माहिती मागायला गेलं की "उद्या या", उद्या गेलं की डिझाइनच बदललेलं. छपाईच्या आदल्या दिवशी बटणाची जागा उजवीकडून डावीकडे जाणार, आणि चित्र चुकलं की दोष बाईंचा. नाचता येईना अंगण वाकडं, तशी यांची गत: यंत्र चालेना, पुस्तक वाकडं.

बाईंचा एक नियम मात्र सगळ्या खात्याला माहीत होता. जी पायरी स्वतःच्या हातानं केली नाही, ती पुस्तकात जात नाही. दुसरी सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट म्हणजे त्यांचं ठरलेलं वाक्य. लिहिताना कुणीही हाक मारली की वर न बघता त्या म्हणायच्या, "आहे मी, थांबा." शिपायाला तेच, साहेबाला तेच. घरी नवऱ्याला तेच. नवरा म्हणायचा, "तुझ्या नावाची पाटी दारावर लावण्यापेक्षा हेच लावू. 'आहे मी, थांबा.' बरीच माणसं परस्पर जातील."

आता नवव्या पायरीची गोष्ट. सहा वर्षांपूर्वी या भट्टीचं पुस्तक तयार झालं आणि तपासायला मोठ्या साहेबांकडे गेलं. मोठे साहेब म्हणजे तेव्हाचे मुख्य इंजिनीअर, माणूस लाख मोलाचा, पण वाचायचा आळस. छप्पन्न पानं त्यांनी दहा मिनिटांत परत केली, शेवटच्या पानावर "तपासले" आणि सही. बाईंच्या आधीच्या चार पुस्तकांचं हेच झालं होतं. त्या दिवशी त्यांची सटकली. दुसऱ्या मसुद्यात त्यांनी एक पायरी मुद्दाम घुसडली. हे लिहिणारी माणसं करतात कधीकधी, वाचतंय का कोणी हे बघायला; एखादं असं वाक्य टाकायचं की वाचणारा ताडकन उठलाच पाहिजे.

आठवी पायरी होती, दारातून आत बघून भट्टीत कोणी नाही याची खात्री करा आणि आतला दिवा बंद करा. त्याखाली बाईंनी लिहिलं: "पायरी ९. दार लावण्यापूर्वी आत तोंड करून 'आत कोणी आहे का?' असे तीनदा मोठ्याने विचारावे. प्रत्येक हाकेनंतर एक ते दहा आकडे मोजावेत." आताच बघितलं की आत कोणी नाही, मग विचारायचं कुणाला? साहेब हसतील, नाहीतर ओरडतील, पण वाचल्याचं तरी कळेल, असा हिशेब. साहेबांनी दहा मिनिटांत सही केली.

शेवटच्या प्रतीतून ती पायरी काढायचीच होती. नेमकं त्याच आठवड्यात नवऱ्याचं अपेंडिक्स फुटलं, बाई दवाखान्यात, आणि फाइल छापायला निघून गेली. परत आल्या तेव्हा पुस्तकं गठ्ठे बांधून रवाना झालेली. सांगितलं असतं तर साहेबांची सही उघडी पडली असती, आणि स्वतःची नोकरीही. बाई गप्प बसल्या. वाचतंय कोण, अशी मनाची समजूत घातली. स्वतःच्या हातानं न केलेली तेवढी एकच पायरी त्यांच्या नावावर होती.

पत्र आलं त्याच महिन्यात पुस्तकाची नवी आवृत्ती निघायची होती. मोठे साहेब निवृत्त होऊन घरी कुंड्यांना पाणी घालत होते. त्यांच्या जागी आलेला तरुण मॅनेजर कडक होता आणि, नवल म्हणजे, वाचायचा. त्यानं प्रत्येक पायरीपुढे एक रकाना आखून दिला: "आधार". म्हणजे ही पायरी कुणी सांगितली, कशावरून घेतली.

"मॅडम, नऊला आधार काय?" त्यानं विचारलं.

"शोधते."

"नसेल तर उडवा. वेड्यासारखी पायरी आहे. कुणी घातली कोण जाणे."

बाईंनी नुसती एक ओळ पुसायची, की सहा वर्षांचं पाप धुतलं गेलं. कुणाला कळणारही नव्हतं. पण ड्रॉवरमध्ये ते पत्र होतं. तिसऱ्या हाकेला उत्तर आलं तर. या माणसानं "पहिल्या हाकेला" का लिहिलं नाही, हे त्यांच्या डोक्यातून जाईना. रात्री नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "टवाळी करतोय कोणीतरी. वाचणारा मिळाला तर तुला तोही चालत नाही." बाईंनी दुसऱ्या दिवशी प्रवासाचा अर्ज भरला.

कारखाना गावाबाहेर होता. लांब पत्र्याची शेड, रंगाचा उग्र वास, सगळीकडे हुकांना टांगलेले पत्रे. दुपारचे तीन वाजले होते, उन्हाचे पट्टे जमिनीवर पडले होते, भिण्यासारखं काही म्हणता काही नव्हतं. भट्टी विभागात कोणी दिसेना म्हणून बाईंनी दारातूनच विचारलं, "कोणी आहे का?"

ट्रॉलीला तेल घालणारा एक कामगार गर्रकन वळला. त्याच्या हातातली तेलाची बुधली खाली पडली. मागून साठीला टेकलेला, पांढऱ्या मिशांचा एक माणूस आला. तो बाईंकडे नुसता बघत राहिला.

"मी पुस्तक लिहिते. तुमचं पत्र आलं होतं," बाई म्हणाल्या.

"तुम्ही लिहिलंय ते?" मिस्त्री म्हणाला. मग स्वतःशीच मान हलवली. "बरोबर. तसंच असणार." त्यानं स्टूल पुसून दिलं, पाणी दिलं. कामगार लांबूनच बाईंकडे टकामका बघत होता.

मिस्त्रीनं आपली पुस्तकाची प्रत आणली. पान न् पान वाचलेलं होतं, कोपरे काळे झालेले, समासात पेन्सिलीच्या खुणा. बावीस वर्षांत त्यांनी आपल्या पुस्तकाची अशी प्रत पाहिली नव्हती. पान एकतीस तर चिकटपट्टी लावून सांधलेलं होतं.

"सुरुवातीला पोरं हसायची," मिस्त्री म्हणाला. "मी म्हटलं, पुस्तकात आहे ना, मग करायचं. लिहिणाऱ्याला काहीतरी माहीत असणार. वर्षभर नुसत्या हाका मारल्या. मग एक दिवस उत्तर आलं."

"कसलं उत्तर?"

"पहिल्या हाकेला आलं, दुसरीला आलं, तिसरीला नाही. दिवा लावून सगळी भट्टी पाहिली. आत चिटपाखरू नाही. तेव्हापासून रोज तसंच. दोनदा येतं, तिसऱ्यांदा येत नाही, मग दार लावायचं. तेव्हा आम्हाला कळलं, तुम्ही तीनदा का लिहिलंय ते."

पत्र्याचा आवाज असेल, बाई म्हणाल्या, गरम लोखंड आकसताना बोलतं. मिस्त्रीनं वाद घातला नाही. "पायरी करून बघा की. तुम्हीच केली नसेल असं कसं होईल?" त्या वाक्यानं बाईंचा चेहरा उतरला, पण त्याला ते दिसलं नाही.

भट्टी रिकामी होती. बाईंनी आत बघितलं, दिवा बंद केला. आतला काळोख कोमट होता.

"आत कोणी आहे का?"

मिस्त्री मोजू लागला. एक, दोन, तीन. चारला आतून, अगदी मागच्या भिंतीकडून, आवाज आला. "आहे मी, थांबा."

आवाज घुमला असता तर शेवटचं "आहे का" परत आलं असतं. हे तसं नव्हतं. आणि तो आवाज बाई रोज ऐकत होत्या, फक्त बाहेरून कधी ऐकला नव्हता. पुढच्या दोन हाका त्यांच्या तोंडून निघाल्याच नाहीत. त्या मिस्त्रीनं मारल्या. दुसरीला तेच उत्तर आलं. तिसरीला काही आलं नाही.

"आमच्याकडे बाईमाणूस कामाला नाही," मिस्त्री हळू आवाजात म्हणाला. "मघाशी तुम्ही दारात बोललात आणि आम्ही ओळखलं."

बाईंना तिथंच रडू फुटलं. सहा वर्षं दाबून ठेवलेलं सगळं त्यांनी सांगून टाकलं: मोठे साहेब, दहा मिनिटांची सही, चिडून लिहिलेली पायरी. "मला काही माहीत नव्हतं हो. मी ते चेष्टेत लिहिलं होतं. तीन हा आकडासुद्धा उगाच घातला."

मिस्त्रीनं पुस्तक मिटलं. "चेष्टेत," तो म्हणाला. "आम्ही सहा वर्षं देवाचं वाक्य असल्यासारखं पाळलं, बाई." तो चिडला असता तर बरं झालं असतं. चारचा भोंगा झाला, पाळी बदलायची वेळ. तो पुस्तक तिथंच ठेवून, बाईंकडे न बघता, हजेरीच्या खिडकीकडे निघून गेला. कामगारही त्याच्यामागून गेला.

आता बाईंनी सरळ फाटकाची वाट धरायची की नाही? पण त्या लिहिणाऱ्या पडल्या. जाण्याआधी कामगारानं पुढच्या पाळीसाठी भरलेली ट्रॉली आत ढकलून ठेवली होती, आणि भरलेली भट्टी बाईंनी आजवर कधी पाहिली नव्हती. सगळी चित्रं रिकाम्या भट्टीची काढलेली. मागच्या भिंतीपाशी नक्की काय आहे, तो आवाज येतो कुठून, एकदा डोळ्यांनी बघू, म्हणून आतला दिवा लावून त्या वही घेऊन टांगलेल्या पत्र्यांच्या कडेनं आत शिरल्या. वाट जेमतेम अंगापुरती होती. मागे पोचल्यावर त्यांनी वळून बघितलं, तर दार दिसत नव्हतं. पत्र्यांच्या रांगा मधे आलेल्या. म्हणजे दारातूनही हा कोपरा दिसत नसणार. आठवी पायरी चूक आहे, हे बाईंना तेव्हा कळलं. दारातून आत बघून खात्री होतच नाही. त्यांनी ते वहीत लिहायला घेतलं.

दिवा गेला.

"आत कोणी आहे का?" बाहेरून आवाज आला. नव्या पाळीचा माणूस, ओळखीचा नाही.

"आहे मी, थांबा," बाई म्हणाल्या, लिहिताना म्हणतात तशाच, सवयीनं. आणि म्हटल्यावर त्यांना ते ऐकू आलं.

बाहेर आकडे सुरू झाले. एक, दोन, तीन. निवांत, रोजच्यासारखे. बाई पत्र्यांच्या कडेनं बाहेर यायला धडपडल्या, साडीचा पदर हुकात अडकला, ओढला तर पत्रा अंगावर झुकला. आतून उघडायची कडी दाराला होती, त्यांनीच चित्र काढलं होतं तिचं, पण त्या दारापासून दहा पावलं आत अडकल्या होत्या. आठ, नऊ, दहा.

"आत कोणी आहे का?"

"आहे मी, थांबा! अहो, थांबा!"

पुन्हा एक, दोन, तीन. मोजणारा जराही अडखळला नाही. त्याच्या दृष्टीनं रोजचीच दोन उत्तरं होती ती, रोजच्याच आवाजात. बाईंच्या ध्यानात आलं. आपण कितीही ओरडलो तरी हा ओळखीचा आवाज आहे, या माणसाला तो ऐकून न ऐकल्यासारखा करायची सवय झालीय, आणि सवय आपणच लावलीय. आता उरली एक हाक.

"आत कोणी आहे का?"

आवाज फुटेना. सहा वर्षांत तिसऱ्या हाकेला एकदाही उत्तर आलं नव्हतं, ते का आलं नव्हतं याचा विचार त्यांच्या मनात येऊन गेला आणि त्या सर्वांगानं ओरडल्या, "आहे मी!"

बाहेर आकडे सुरू झाले नाहीत.

"आलं," एक जण म्हणाला.

"काय आलं?"

"तिसऱ्याला आलं."

"मग? पुस्तकात काय आहे?"

पानं उलटल्याचा आवाज. दाराच्या बिजागरीची किंचित करकर. म्हणजे हात दारावरच होता. "पुस्तकात पुढे दहावी आहे. दार लावून मुख्य बटण दाबा."

"मग लाव की."

बावीस वर्षं बाईंना वाटत होतं की त्यांच्या पुस्तकाप्रमाणे कुणी वागत नाही. त्यांनी अंगात होता नव्हता तेवढा श्वास घेतला आणि सगळी पायरी, पूर्णविरामासकट, अंधारातून सांगितली. "तिसऱ्या हाकेला उत्तर आल्यास दार लावू नये! दिवा लावावा! आत जाऊन, पत्र्यांच्या मागे बघावे! माणूस बाहेर आल्याशिवाय, बटणाला हात लावू नये!"

दिवा लागला.

बाहेर आणल्यावर त्या जमिनीवरच बसल्या. मिस्त्री धावत आला होता. त्यानं कुणाला काही विचारलं नाही. पुस्तक उचललं, कानावरची पेन्सिल काढली आणि नवव्या पायरीच्या खाली, चिकटपट्टीच्या वर, ते वाक्य लिहून घेतलं. "पुन्हा सांगा बाई, सावकाश," तो म्हणाला. बाईंनी पुन्हा सांगितलं.

परत आल्यावर बाईंनी मॅनेजरला सगळं सांगितलं. आवाजाचं तेवढं सांगितलं नाही, ते त्यानं आधाराच्या कुठल्या रकान्यात घातलं असतं? मुद्दाम घुसडलेल्या पायरीबद्दल त्यांना लेखी ताकीद मिळाली, होऊ घातलेली बढती गेली ती गेलीच. पण आठवी पायरी बदलली, नववी राहिली, तिच्याखाली नवी ओळ आली. आधाराच्या रकान्यात बाईंनी लिहिलं: "लेखिकेने स्वतः केले. आतून." मॅनेजरनं ते वाचलं, बाईंकडे बघितलं आणि सही केली. त्याला वाचायला तासभर लागला होता.

मिस्त्रीनं फोन करून सांगितलं की त्या दिवसापासून भट्टी गप्प आहे. तीन हाका, तीनदा दहा आकडे, आतून काही नाही. बाईंना पहिल्यांदा गाढ झोप लागली. घरी नवऱ्यानं हाक मारली की आता त्या लगेच उठून जायच्या. "तब्येत बरी आहे ना?" नवरा विचारायचा.

चौथ्या महिन्यात, सकाळीच, फोन वाजला.

"बाई, मी मिस्त्री. परवापासून पुन्हा उत्तर यायला लागलंय."

बाईंच्या हातातलं पेन थांबलं. "माझ्याच आवाजात?"

"नाही. तुमचं संपलं," तो म्हणाला. "पोरं सांगत नव्हती. मग मी स्वतः हाक मारली. माझा आवाज आहे, बाई. दोनदा येतो, तिसऱ्यांदा नाही."

"पुस्तकात आहे आता," त्या कशाबशा म्हणाल्या. "तिसऱ्याला काय करायचं ते आहे."

"मला पाठ आहे ते. माझं काही नाही." मिस्त्रीचा आवाज शांत होता, पत्रात होता तसाच. "पण त्या वेळी मी आत असणार. बाहेर कोण असेल ठाऊक नाही. नवीन पोरं भरलीत, पुस्तक उघडून बघत नाहीत. जो कोण बाहेर असेल, त्यानं वाचलेलं असेल ना, बाई?"

या प्रश्नाचं उत्तर पुस्तकबाईंइतकं चांगलं जगात कुणाला माहीत नव्हतं. त्यांनी फोन कानाला धरून मनातल्या मनात दहापर्यंत आकडे मोजले.

"पाळी किती वाजता बदलते?" त्यांनी विचारलं. "सगळ्यांना थांबवून ठेवा. मी येते आणि मोठ्यानं वाचून दाखवते. आणि मिस्त्री, मी पोचेपर्यंत तुम्ही आत जाऊ नका."